पाण्याच्या वाटेनें नगरदर्शन



जुनीं शहरें पाहण्याची एक ठराविक रीत आपल्याकडे पडून गेली आहे. प्रवासी गाडींतून उतरतो, खिशांतली यादी काढतो, त्या यादींतली पांच-सात स्थळें दिवस मावळण्यापूर्वीं उरकतो, प्रत्येक ठिकाणीं एक छायाचित्र घेतो आणि परततांना म्हणतो कीं, शहर पाहून झालें. त्यानें इमारती पाहिलेल्या असतात. शहर मात्र पाहायचें राहिलेलें असतें. हें शहर नेमकें येथेंच कां वसलें, तें कशावर जगलें आणि पुढें तें कां सुकलें, हे तीन प्रश्न मनांत घेऊन जो हिंडतो त्यालाच जुनें शहर आपलें अंतरंग उघडून दाखवितें.

याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इटलींतील रोम शहराचें आहे. रोमला गेलेला प्रत्येक प्रवासी त्रेवीच्या कारंजापाशीं उभा राहतो आणि पाठमोरा होऊन पाण्यांत नाणें टाकतो. तें कारंजें पुरें झालें १७६२ सालीं. परंतु त्यांत पडणारें पाणी ज्या नळानें येतें तो नळ ख्रिस्तपूर्व १९ या वर्षीं अग्रिप्पा नांवाच्या मुत्सद्द्यानें बांधविला. सुमारें वीस किलोमीटरांची ही वाट बहुतेक जमिनीखालून येते. इ. स. ५३७ मध्यें गॉथ लोकांनीं रोमला वेढा घातला आणि शहराकडे येणारे पाण्याचे नळ तोडले. ज्या नगरींत लाखों माणसें नांदत होतीं ती पुढच्या शतकांत ओसाड पडत गेली आणि उरलेली वस्ती टायबर नदीच्या कांठीं गोळा झाली. १४५३ सालीं पोप पांचवा निकोलस याने हा जुना नळ दुरुस्त करविला. त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत आणखीहि नळ वाहूं लागले, आणि ज्या कारंजांसाठीं आज जगभरचे लोक तेथें जातात तीं कारंजें उभीं राहिलीं. म्हणजे रोमचा उत्कर्ष, ऱ्हास व पुनरुज्जीवन या तिन्ही अवस्था पाण्याच्या वाटेवर वाचतां येतात.

हीच दृष्टि घेऊन आपल्या जवळचें एक जुनें शहर पाहावें, असें मी आज सुचविणार आहें. तें शहर म्हणजे नगर. मलिक अहमद निजामशहानें वसविल्यामुळें तें पांच शतकें अहमदनगर म्हणून ओळखलें गेलें, आणि २०२४ सालीं त्याचें नांव अधिकृतपणें अहिल्यानगर असें झालें. बोलण्यांत मात्र तें सर्वांचें नगरच आहे, आणि येथेंहि आपण तेंच नांव वापरूं.

या प्रवासाची सुरुवात नगरांत न करतां सुमारें पासष्ट-सत्तर किलोमीटर उत्तरेस, प्रवरेकांठच्या बेलापुरापासून करावी. बेलापूर नांवाचें रेल्वे स्थानक आज श्रीरामपूर शहरांत आहे; मूळ बेलापूर गांव तेथून कांहीं अंतरावर नदीकांठीं वसलेलें आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला तेव्हां या प्रदेशांत ज्वारी-बाजरीचीं कोरडवाहू रानें होतीं. पुढें भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, प्रवरेचे कालवे वाहूं लागले आणि बेलापूर परिसराचा चेहरा एका पिढींत पालटला. हरेगांवला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. याच पाण्यावर लोणीजवळ प्रवरानगर येथें सहकारी साखर कारखान्याचा प्रयोग झाला आणि १९५० सालीं तेथें ऊंस गाळला जाऊं लागला. पाणी आलें कीं भूमीचें काय होतें हें ज्याने बेलापुरास पाहिलें, त्याला नगरचा इतिहास समजावयास फार कष्ट पडत नाहींत.

गाडी राहुरी मागें टाकून दक्षिणेस निघाली कीं हिरवा पट्टा हळूहळू विरळ होत जातो. उसाची जागा बाजरी घेते, माळ उघडे पडतात आणि पूर्वेकडे बोडक्या डोंगरांची रांग दिसूं लागते. नगर हें पर्जन्यछायेंतलें शहर आहे. वर्षाचा पाऊस सरासरीनें ६०० मिलिमीटरांच्याहि आंत. आणि शहराशेजारून वाहणारी सीना ही लहानशी नदी, पावसाळ्यांत खळखळणारी व उन्हाळ्यांत वाळूच्या रेघेसारखी दिसणारी. अशा जागीं एका राज्याची राजधानी उभी राहिली, आणि थोड्याच वर्षांत तिची तुलना लोक बगदाद व कैरो या नगरांशीं करूं लागले असें जुने इतिहासकार सांगतात. या कोड्याचें उत्तर पूर्वेच्या त्या डोंगरांच्या पायथ्याशीं आहे.

प्रथम शहराच्या जन्माची हकीकत थोडक्यांत पाहूं. बहामनी राज्य मोडकळीस आलें होतें. त्या राज्याचा वजीर मलिक हसन हा मूळचा पाथरीकडील ब्राह्मण कुळांतला, लहानपणीं लढाईंत सांपडून मुसलमान झालेला, असें फरिश्ता हा इतिहासकार लिहितो. त्याचा मुलगा मलिक अहमद जुन्नरास होता. त्याच्यावर बहामनी फौज चालून आली आणि २८ मे १४९० रोजीं सीनेच्या परिसरांत तिचा पूर्ण पराभव झाला. जेथें हा विजय मिळाला तेथें अहमदाने आधीं तट बांधला नाहीं, मशीदहि बांधली नाहीं. त्यानें एक बाग केली व तींत वाडा बांधला. तिचें नांव बाग निजाम. पुढें १४९४ च्या सुमारास या बागेशेजारीं शहर वसूं लागलें. त्याच १४९४ सालीं तिकडे फ्लॉरेन्सच्या नागरिकांनीं मेदिची घराण्याला शहराबाहेर घालविलें. कलांना आश्रय देणारी एक राजसभा तिकडे उधळत असतां इकडे सीनेकांठीं एक नवी राजसभा जमत होती. दोन्ही घटनांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं, पण कालाचें भान येण्यासाठीं हा मेळ ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

बागेपासून सुरू झालेल्या शहराला अर्थातच पाणी हवें होतें, आणि सीनेवर विसंबून तें मिळणार नव्हतें. म्हणून निजामशाही कारागिरांनीं नळ बांधले. आजच्या लोखंडी नळांशीं त्यांचें साम्य फार थोडें. डोंगराच्या पायथ्याला जेथें जमिनींत ओल टिकते तेथें विहिरी खणावयाच्या, त्या एकमेकींना भुयारांनीं जोडावयाच्या, आणि सांठलेलें पाणी केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणावयाचें. वाटेंत कोठें दगडी बांधणीची मोरी, तर कोठें चुन्यांत बसविलेले भाजक्या मातीचे खापरी नळ. ठराविक अंतरावर विहिरीसारखीं तोंडें ठेवलेलीं. त्यांतून वारा खेळे, माणूस आंत उतरून गाळ काढूं शके आणि वाटेंतल्या वस्तीला पाणीहि शेंदतां येई. कापूरवाडी, वडगांव, शेंडी, भिंगार, शहापूर अशा आसपासच्या गांवांकडून हे नळ शहराकडे येत. इराणांत व मध्य आशियांत ही विद्या प्राचीन काळापासून होती. निजामशाही दरबाराचा त्या देशांशीं निकट संबंध होता. परंतु दख्खनच्या काळ्या खडकांतून उतार साधीत ती वाट खोदणारे हात येथलेच होते.

हा उतार साधणें किती अवघड आहे याची कल्पना करून पाहा. उतार जास्त झाला तर पाणी नळ फोडतें, कमी झाला तर गाळ बसून वाट तुंबते. आजच्यासारखीं उपकरणें नसतां, जमिनीखालीं दिव्याच्या उजेडांत काम करणाऱ्या माणसांनीं तें साधलें. त्यांतील एकाचेंहि नांव कोणत्या बखरींत किंवा तवारिखेंत आढळत नाहीं. राजांच्या कबरी आपण पाहणारच आहोंत; त्या पाहतांना या निनावी माणसांनाहि स्मरावें.

आतां प्रत्यक्ष दर्शनास निघूं. दोन दिवस हातीं असावेत आणि ऋतु हिंवाळ्याचा असावा. पहिल्या सकाळीं शहराच्या पश्चिमेस सीनेच्या कांठीं बागरोजा येथें जावें. रोजा म्हणजे कबरीची जागा. अहमद निजामशहाची ही कबर काळ्या दगडाची, घुमटाची आणि अतिशय प्रमाणबद्ध आहे. आंतल्या भिंतींवर कुराणांतील वचनें सोनेरी अक्षरांत लिहिलेलीं आहेत. नांवांतच बाग आहे हें विसरूं नये; सभोंवार झाडें व पाणी असतांना ही वास्तु कशी दिसत असेल हें डोळे मिटून पाहावें. जवळच एक चौथरा दाखवितात. १५६५ सालीं विजयनगरचा पाडाव झाला त्या लढाईंत रामराजाला पकडणाऱ्या गुलाम अली नांवाच्या हत्तीचें तें स्मारक असल्याचें सांगतात.

तेथून शहरांत येऊन कोटला पाहावा. दुसरा राजा बुऱ्हाण निजामशहा याच्या कारकीर्दींत, १५३६ च्या सुमारास, शाह ताहिर या विद्वानासाठीं ही वास्तु उभी राहिली. शाह ताहिर इराणांतून आलेला. त्याच्या प्रभावानें बुऱ्हाणाने शिया पंथ स्वीकारला. कोटल्यांत विद्यादान चाले व गरिबांना अन्न मिळे. राजधानी म्हणजे नुसती फौज व खजिना नव्हे, तेथें दूरदूरचे पंडित येऊन राहतात तेव्हां ती राजधानी होते, हें येथें कळतें. त्याच शहरांत शाह शरीफ यांचा दर्गा आहे. मालोजीराजे भोसले यांनीं या सत्पुरुषाच्या नांवावरून आपल्या दोन मुलांचीं नांवें शहाजी व शरीफजी अशीं ठेविलीं, अशी परंपरा आहे. मराठ्यांच्या इतिहासाचा एक धागा असा नगरच्या गल्लींतून निघतो.

दिल्ली दरवाजा व माळीवाड्याची वेस हे जुन्या गांवकुसाचे अवशेष पाहून, कापड बाजारांतून हिंडत, दुपारीं किल्ल्याकडे वळावें. किल्ला लष्कराच्या ताब्यांत असल्यामुळें प्रवेशाचे नियम आधीं विचारून घ्यावेत. हा किल्ला डोंगरावर नाहीं; सपाट जमिनीवर, जवळजवळ वर्तुळाकार, सुमारें पावणेदोन किलोमीटर घेराचा आणि भोंवतीं रुंद खंदक असलेला असा हा भुईकोट आहे. पहिली बाग निजाम होती ती येथेंच. हुसेन निजामशहानें १५५९ नंतरच्या कांहीं वर्षांत तिच्या जागीं हा दगडी कोट बांधला. बागेचा किल्ला झाला, याचा अर्थ शेजाऱ्यांचें भय वाढलें होतें.

आपल्या इतिहासांतील कितीतरी प्रकरणें या तटाशीं येऊन थांबतात. १५९५ च्या डिसेंबरांत अकबराचा पुत्र मुराद याने किल्ल्याला वेढा घातला. आंत होती चांदबिबी. हुसेन निजामशहाची कन्या, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा, आणि आतां एका बाल राजाची पालक. मोगलांनीं तटाखालीं सुरुंग पेरले. त्यांतील कांहीं आंतल्या लोकांनीं हुडकून निकामी केले. पण एक उडालाच आणि तटाला मोठें खिंडार पडलें. चांदबिबी स्वतः खिंडाराशीं उभी राहिली, दिवसभर हल्ले थोपविले आणि एका रात्रींत भिंत पुन्हां उभारून घेतली. १५९६ मध्यें वऱ्हाड देऊन तह झाला व राजधानी वांचली. चार वर्षांनीं मोगल पुन्हां आले तेव्हां तिच्यावर फितुरीचा संशय घेऊन तिच्याच माणसांनीं तिला मारलें, आणि ऑगस्ट १६०० मध्यें किल्ला पडला. शत्रूला जें साधलें नव्हतें तें घरच्या अविश्वासानें साधलें.

१७५९ सालीं हा किल्ला पेशव्यांकडे आला. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनीं नाना फडणविसांना पकडलें, तेव्हां त्यांना येथेंच ठेवलें होतें. १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें तो शिंद्यांकडून घेतला. आणि १९४२ च्या ऑगस्टांत काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद येथें बंदिवान झाले. पंडित नेहरूंनीं भारताच्या शोधाचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १९४४ सालीं एप्रिल ते सप्टेंबर या अवधींत येथेंच लिहिला. त्या काळांत विरंगुळा म्हणून ते बागकाम करीत. जमीन खणतांना जुन्या भिंती व घुमटांचे माथे लागल्याचें त्यांनींच त्या ग्रंथांत नमूद केलें आहे. साडेचारशें वर्षांपूर्वीं जेथें अहमदाने बाग केली होती तेथेंच एका बंदिवानानें पुन्हां वाफे केले, आणि त्याच्या फावड्याला जुनें नगर लागलें. इतिहास कधीं कधीं असा पायाखालीं एक हातावर असतो.

किल्ल्याच्या पूर्वेस दमडी मशीद आहे. १५६७ च्या सुमारास साहिरखान नांवाच्या सरदारानें ती बांधली. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनीं आपल्या मजुरींतून एकेक दमडी दिली व त्यांतून ती झाली, अशी लोककथा आहे. कथा खरी असो वा नसो, मशीद लहान असूनहि दगडांतील नक्षीकाम असें नाजूक आहे कीं, नगरच्या पाथरवटांची योग्यता या एका वास्तूवरून कळावी. याच शहरांत १५४९ सालीं मुहम्मद बिन हुसेन रूमी या तुर्की ओतकाऱ्याने 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ ओतली. सुमारें ५५ टन वजनाची ही तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे; ओतशाळा नगरची होती हें मात्र पुष्कळांना ठाऊक नसतें.

दुसऱ्या दिवशीं शहराच्या आग्नेयीस फराहबागेंत जावें. माझ्या मतें नगरचें खरें हृदय येथें आहे. एका विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागीं अष्टकोनी दुमजली महाल. आंत उंच घुमटाचें दालन. बाहेर चारी दिशांना पाणी, आणि पाण्यापलीकडे बाग. मुर्तझा निजामशहाच्या कारकीर्दींत त्याचें काम सुरू झालें. पहिलें बांधकाम राजाला आवडलें नाहीं, म्हणून तें पाडलें गेलें आणि वजीर सलाबतखानानें १५८३ च्या सुमारास नवा महाल पुरा केला. उन्हाळ्याच्या दिवसांत पाण्यावरून येणारा वारा त्या जाड भिंतींच्या दालनांत खेळत असे, आणि राजा तेथें बुद्धिबळें खेळत एकांतांत राही. राज्यकारभार मुर्तझाच्या मनांतून उतरला होता. लोक त्याला दिवाणा म्हणूं लागले होते. १५८८ सालीं त्याच्या स्वतःच्या मुलानें त्याला हमामांत कोंडून, उष्णतेनें गुदमरवून मारलें. इतिहासकार फरिश्ता त्या वेळीं राजाच्या पहाऱ्यावरील अधिकारी होता. तो कसाबसा वांचला व पुढल्याच वर्षीं विजापुरास निघून गेला. दख्खनच्या इतिहासाचें मोठें साधन त्या वांचण्यामुळें आपल्याला लाभलें.

आज फराहबागेभोंवतींचा तलाव कोरडा आहे. महालापर्यंत आपण चालत जातों, आणि चालतांना आपण तलावाच्या तळावरून चाललों आहोंत हें बहुतेकांच्या ध्यानांतहि येत नाहीं. पाण्यासाठीं बांधलेली वास्तु पाण्यावांचून पाहणें म्हणजे तारा काढलेली वीणा पाहण्यासारखें आहे. शहराच्या उत्तरेस हश्त बिहिश्त म्हणजे आठ स्वर्गांची बाग होती. तिथलाहि महाल अष्टकोनी, तोहि तलावांत, आणि त्याचीहि हीच गत. ज्यांना यंत्रांची आवड आहे त्यांनीं लष्करी भागांतील रणगाड्यांचें संग्रहालय अवश्य पाहावें; १९९४ सालीं स्थापन झालेल्या या संग्रहालयांत अनेक देशांचे रणगाडे उभे आहेत. तेथून भिंगारच्या आलमगीर या जागीं जावें. मार्च १७०७ मध्यें औरंगजेबानें येथें देह ठेविला. मराठ्यांना जिंकावयास म्हणून आलेल्या बादशहाची पंचवीस वर्षांची मोहीम येथें संपली आणि त्याचें शव पुढें खुलताबादेस नेण्यांत आलें.

संध्याकाळीं मात्र डोंगर चढावा. नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारें दहा-बारा किलोमीटरांवर शाह डोंगर आहे, आणि त्याच्या माथ्यावर एक तीन मजली अष्टकोनी वास्तु कोसांवरून दिसते. सगळा जिल्हा तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. वस्तुतः ती चांदबिबीचीहि नव्हे आणि महालहि नव्हे. ती सलाबतखानाची कबर आहे. हाच तो फराहबाग पुरी करणारा वजीर. त्याच्या कारभारांत देश जितका सुरक्षित होता तितका पूर्वीं क्वचितच असेल, असा लौकिक त्याने मिळविला होता. अखेरीस राजाची मर्जी फिरली, तो बंदींत पडला आणि १५८९ च्या सुमारास वारला. ना नक्षी, ना सोनेरी अक्षरें. नुसत्या कमानी आणि वारा. लोकांनीं या वास्तूला चांदबिबीचें नांव दिलें यांत त्या वीर स्त्रीविषयींचें प्रेम आहे, तें खोडून काढण्याचें कारण नाहीं. पण एका शहाण्या कारभाऱ्याचें नांव त्याच्या स्वतःच्या थडग्यावरूनहि पुसलें जावें हें न्यायाचें नव्हे. मुलांना ही वास्तु दाखवितांना दोन्ही नांवें सांगावींत.

या माथ्यावरून खालीं पाहिलें कीं आपला सारा प्रवास एका दृष्टिक्षेपांत येतो. पश्चिमेस शहर, त्याच्या अलीकडे किल्ल्याची झाडी, आणि आपल्या पायांखालीं तो डोंगर, ज्याच्या कुशींतलें पाणी या सगळ्या पसाऱ्याला जगवीत होतें. याच मुलुखांत भातोडीचा जुना तलाव आहे. १६२४ सालीं मोगल व आदिलशाही फौजा एकत्र येऊन निजामशाहीवर आल्या तेव्हां मलिक अंबरानें या तलावाचा बांध फोडून त्यांची छावणी चिखलांत अडकविली आणि मग छापा घालून त्यांचा मोड केला. शहाजीराजे या लढाईंत होते. शरीफजीराजे येथेंच पडले. ज्या पाण्यानें राजधानी नांदविली त्याच पाण्यानें एकदां तिचें रक्षणहि केलें.

मग हें शहर सुकलें कां? १६०० नंतर राजधानी हलली. परांडा, जुन्नर, खडकी अशी ती फिरत राहिली आणि १६३६ मध्यें निजामशाहीच संपली. राजा गेला तरी डोंगर व पाऊस कांहीं गेले नव्हते. परंतु नळ ही एकदां बांधून सोडून देण्याची वस्तु नव्हे. दरवर्षीं कोणीतरी आंत उतरून गाळ काढावा लागतो, मुळ्या तोडाव्या लागतात, फुटलेली खापरी बदलावी लागते. हें काम करणाऱ्यांचें वेतन बंद झालें कीं दहा-वीस वर्षांत वाट बुजते. कांहीं नळ तरीहि इतके भक्कम होते कीं, इंग्रजी अमदानींतसुद्धां शहर त्यांचें पाणी पीत होतें. पुढें नवीं साधनें आलीं, आणि आज नगरला मुळा नदीवरील धरणाचें पाणी येतें. मुळा ही प्रवरेला मिळणारी नदी. म्हणजे बेलापुराजवळून वाहणाऱ्या प्रवरेच्या कुळांतलेंच पाणी आतां नगर पितें.

नवें पाणी आलें हें चांगलेंच झालें. त्याबद्दल कोणी हळहळूं नये. पण त्यामुळें जुने नळ निरुपयोगी ठरले आणि घरांचे पाये खणतांना, रस्ते रुंद करतांना, मोऱ्या घालतांना ते तुटत गेले. कबरीला कुंपण पडतें, मशिदीवर फलक लागतो. भुईखालच्या नळाला मात्र कोणी वाली नसतो, कारण तो दिसत नाहीं. रोमच्या लोकांनीं आपला दोन हजार वर्षांचा नळ वाहता ठेवला म्हणून जग त्यांच्या कारंजापाशीं गर्दी करतें. आपल्या फराहबागेंत तशी गर्दी नाहीं, याचें कारण आपली वास्तु उणी आहे हें नव्हे. तिच्यापर्यंत येणारी वाट आपण तुटूं दिली, हें आहे.

म्हणून नगरला जाणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांना माझी एक विनंति आहे. तेथील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयांत जाऊन जुने नकाशे व कागद पाहावेत आणि मग शहरांत हिंडतांना म्हाताऱ्या माणसांना विचारावें, येथें नळाचें तोंड कोठें होतें? उत्तरें मिळतात. कोणी वाड्यांतला हौद दाखवितो, कोणी शेतांतली आंधळी विहीर. जें सांगितलें जाईल तें जागेसह टिपून ठेवावें; मुलांकडून त्याचा नकाशा काढवावा. ज्यांचीं घरें वा शेतें त्या भागांत आहेत त्यांनीं जुनी विहीर बुजविण्यापूर्वीं जाणत्या माणसाला एकदां बोलावून दाखवावी. याला फार पैसा लागत नाहीं, आणि एकदां बुजलेली गोष्ट पुढें कितीहि पैसा खर्चून सांपडत नाहीं.

शहराचें नांव आतां ज्या साध्वीचें आहे तिचा जन्म याच जिल्ह्यांत चौंडी येथें १७२५ सालीं झाला. अहिल्यादेवी होळकरांनीं हिंदुस्थानभर देवळें बांधलीं हें सर्वांना माहीत आहे. पण वाटसरूसाठीं त्यांनीं बांधलेल्या विहिरी, बारवा व घाट यांचें पुण्य त्याहून तसूभरहि कमी नाहीं. पाण्याची वाट राखणें हें त्यांच्या लेखीं राजधर्माचेंच काम होतें. अहमदानें वसविलेल्या आणि अहिल्यादेवींचें नांव धारण केलेल्या या नगराला एवढा एक वारसा दोघांकडूनहि सारखाच आलेला आहे, आणि तो जमिनीखालीं अजून थोडाबहुत शिल्लक आहे.